उसवून पाहिलेलं मिसाइल

ये, अशी जवळ बस. पंख्याखाली नको, तिथं माझं निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं. इथं माझ्या पलंगापाशी बस आणि आधी थोडं ऐकून घे, कारण मी तुझ्यावर रागावले आहे.

कल्याणच्या त्या लग्नात, जेवणं सुरू व्हायच्या आधी, तू चार बायकांमध्ये सांगितलंस म्हणे, की आमची मावशी म्हातारपणी मोबाईलवर गोळ्या झाडते. मग तुझ्या मोठ्या जाऊबाई जिलबीचं ताट घेऊन माझ्या शेजारी आल्या आणि फार काळजीनं विचारू लागल्या, की मावशी, झोप लागते ना नीट? अगं, दुसरी कोणी असती तर वर्षभर अबोला धरला असता तिनं तुझ्याशी. मला अबोला जमत नाही, ते सोड. पण भाचीबाई, सांगायचं तर बरोबर तरी सांगायचंस. मोबाईल नाही, लॅपटॉप. गोळ्या नाहीत, मिसाइलं. आणि मी ती झाडत नाही, दुसऱ्यांनी सोडलेली अडवते. माझ्या डोंबिवलीहून तुझं कल्याण दोन स्टेशनांवर आणि तुला येऊन विचारायला वर्ष पुरलं नाही. तर आता सगळं ऐक, मग सांग खुशाल कुणाला सांगायचं ते.

माझी नात, म्हणजे लेकाची मुलगी, शिकायला जर्मनीला गेली हे तुला माहीत आहे. तिचे आईवडील दोघंही नोकरीवाले, त्यामुळे ती माझ्या शिलाई मशीनच्या पायाशी वाढली. शाळेतून आली की कापडाच्या चिंध्यांच्या ढिगावर दप्तर टाकायची आणि जे बोलायला लागायची ते दिवे लागेपर्यंत. ती गेली तेव्हा पहिले दोन महिने रोज फोन. मग एक दिवसाआड. मग आठवड्याचा एक. आणि त्या एका फोनमध्ये काय, तर जेवलीस का, जेवले. थंडी आहे का, आहे. अभ्यास, चालू आहे. तुझे गुडघे, आहेत जागेवर. मग दोघी गप्प. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, तीही तिकडे कशाकडे तरी बघत असणार. माया आटली नव्हती गं, फक्त बोलायला काही उरलं नव्हतं. तिच्या दिवसातलं मला काही कळत नव्हतं आणि माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही घडत नव्हतं.

एकदा अशाच गप्प फोनमध्ये मला मागून टकटक ऐकू आली. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, जहाजांमध्ये तेल भरतेय. मला वाटलं नोकरी लागली बंदरात. मग तिनं हसत हसत समजावलं. त्या चार मैत्रिणी मिळून एक खेळ खेळतात. प्रत्येकीचा एक सूर्य, त्याच्याभोवती ग्रह, ग्रहावर खाणी, कारखाने, माणसं. जहाजं बांधायची, नवे ग्रह शोधायचे, शेजारणीशी भांडायचं. आठवडाभर ज्या त्या मुलीनं आपापल्या लॅपटॉपवर कामं नेमून द्यायची आणि रविवारी तीन वाजता सगळ्यांनी कॉलवर एकत्र बसून खेळातला काळ पुढे चालवायचा. माझ्या नातीकडे तेव्हा सकाळ असते. त्या चौघींतली एक नोकरीमुळे सोडून गेली होती आणि तिचा देश बेवारशी पडला होता. नात गमतीनं म्हणाली, बसतेस का तू तिच्या जागी? तिचं हसू संपायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

ती जाताना तिचा जुना लॅपटॉप इथंच ठेवून गेली होती, तो कामी आला. महिनाभर मला माझी राजधानी कुठे आहे हेच सापडत नव्हतं. सगळं इंग्रजीत, आणि माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. तिची शाळेची डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायची मी. आमचे हे पेपरच्या वरून डोळे काढून विचारायचे, आज कोणत्या ग्रहावर पाणी आलं नाही? पण जमलं हळूहळू. माझ्या ग्रहाला मी माहेरच्या गावाचं नाव दिलं, खाणींना माझ्या बहिणींची. तुझ्या आईच्या नावाची खाण सगळ्यांत चांगली चालते, हे तिला सांग.

आणि रविवार. रविवारी तीन ते सहा माझी नात माझ्या कानात असायची. खेळात खूप वेळ नुसतं थांबायचं असतं, जहाजाला पोचायला वेळ लागतो, आणि थांबलेल्या माणसाला बोलणं सुचतं. घरमालकीण किती खाष्ट आहे, खिचडी कशी करपली, बर्फ पहिल्यांदा पडला तेव्हा छान वाटला आणि चौथ्यांदा पडला तेव्हा रडू आलं, हे सगळं मला त्या तीन तासांत कळलं. बाकीच्या दोघी जरा वेळ चहाला उठल्या होत्या, तेव्हा एका रविवारी तिनं अगदी हळू आवाजात सांगितलं, की एका विषयात ती राहिली आहे आणि घरी कोणालाच बोललेली नाही. आठवड्याच्या त्या फोनवर, कशी आहेस बाळा असं विचारल्यावर, हे तिच्या तोंडून कधी निघालं असतं का? नसतं. तिचं जहाज वळत होतं म्हणून निघालं.

आता त्या खेळाचे त्यांनी केलेले दोन नियम ऐक, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. पहिला नियम, आपण आपलं हत्यार कसं बनवलंय ते कुणी कुणाला सांगायचं नाही आणि शिकवायचंही नाही. दुसरा, जिचा मुख्य ग्रह पडेल ती खेळातून बाद, आणि बाद झालेलीनं कॉलवर बसायचं नाही, कारण तिला सगळ्यांची गुपितं दिसतात. नवा डाव हा डाव संपल्यावर. आणि त्यांचा आधीचा डाव सव्वा वर्ष चालला होता.

माझी शेजारीण म्हणजे शहाडची मुलगी. खेळातली शेजारीण. नातीची कॉलेजची मैत्रीण, इथंच राहते, नोकरी करते. बोलायला इतकी गोड, की कॉलवर आली की आधी विचारायची, आजी, तुम्ही जेवलात का, औषध घेतलंत का. आणि एका रविवारी तितक्याच गोड आवाजात म्हणाली, आजी, सॉरी हं, तुमचा चौथा चंद्र मला हवाय, आणि माझ्यावर सहा मिसाइलं सोडली.

मी काही घाबरले नाही. माझ्याकडे राखणीची साठ मिसाइलं तयार होती. येणाऱ्या मिसाइलला वाटेतच गाठून फोडायचं, एवढंच त्यांचं काम. मी त्यांना राखणदार म्हणायची. स्वतः बेतलेली, चांगली मोठी, भरभक्कम. सहांवर बारा सोडली. बारातलं एक लागलं. बाकीची अकरा माझ्या डोळ्यांदेखत बाजूनं निघून गेली, जशी काही दुसऱ्याच कामाला चालली होती. तिची पाच येऊन पडली आणि माझी जहाजं बांधायची गोदी गेली. आठ महिन्यांची मेहनत.

कॉल संपल्यावर नातीनं वेगळा फोन केला. आवाज उतरलेला. म्हणाली, आजी, ही नुसती चाचणी होती. आता ती घरी जाऊन भरून येईल, तीस-चाळीस आणेल. ग्रहावर दहा पडली की ग्रह गेला. मी विचारलं, मग काय करू? तर म्हणाली, मी सांगू शकत नाही गं. नियम मीच केलाय.

तिला कसं वाटत असेल ते मला कळलं. मला काय वाटत होतं तेही सांगते. मला चंद्राचं काही नव्हतं. मला ते सव्वा वर्ष दिसत होतं. पुन्हा जेवलीस का, जेवले. मी तिला म्हटलं, नको सांगूस. विचारून शिकायचं नशिबात असतं तर आज मला ब्लाउज शिवता आला नसता.

ही गोष्ट तुला ठाऊक नसेल. लग्न होऊन आले तेव्हा मला सरळ टीपही मारता येत नव्हती. ठाण्याला नौपाड्यात एक टेलर होते, त्यांच्या हातचा ब्लाउज असा बसायचा की बाई दोन इंच उंच दिसायची. मी त्यांना म्हटलं शिकवा, ते म्हणाले शिकवत नाही. बरं म्हटलं. त्यांच्याकडूनच एक ब्लाउज शिवून घेतला. तो घरी आणला आणि एकदाही अंगात न घालता ब्लेडनं सगळा उसवला. एक एक टीप. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, पुढचे भाग वेगळे. प्रत्येक तुकड्यावर इस्त्री फिरवली, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं गिरवला, आणि मग परत जसाच्या तसा शिवला. तीनदा उसवला, तीनदा शिवला. आमचे हे तेव्हा नवीन नवीन, त्यांना कळेना बायकोला झालंय काय. त्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर मी बत्तीस वर्षं डोंबिवलीच्या बायकांचे ब्लाउज शिवले.

तर मी म्हटलं, मिसाइलही उसवू.

जुन्या कॅलेंडरची पानं काढली, त्यांच्या पाठीला कोरी जागा असते. लॅपटॉपवर मिसाइल बेतायचं पान उघडलं. तिथं काय असतं, तर कापड ठरलेलं असतं. म्हणजे मिसाइलचं माप आपण आधी ठरवायचं, आणि त्या मापात चार गोष्टी बसवायच्या. इंजिन, इंधन, स्फोटकं, आणि ऐन वेळी वळण घ्यायची ताकद. एक वाढवलं की दुसरं कमी होतं, ब्लाउज पीससारखंच. बाह्या कोपरापर्यंत हव्या असतील तर पाठीला कापड कमी पडणार. आणि खाली एक आकडा दाखवतात, अमुक वेगानं येणाऱ्या मिसाइलला आपलं हे शंभरात किती वेळा लागेल. शहाडच्या मुलीच्या मिसाइलचा वेग मला कळलाच होता, पाच अंगावर घेतली होती. तो वेग घातला. खाली आकडा आला, आठ. शंभरात आठ. म्हणजे बारातलं एक लागलं तेही बरंच झालं म्हणायचं.

मग मी माझं ते भरभक्कम मिसाइल समोर मांडलं आणि एकेक गोष्ट काढून बघायला लागले. काढायची, आकडा लिहायचा, परत घालायची.

आधी स्फोटकं. मी चारपट घातली होती. हे मागं उभे राहून म्हणत होते, दारू कमी करू नकोस, दारूच तर हवी. मी चारातलं एक काढलं, आकडा तोच. दोन काढली, तरी काही बिघडलं नाही. डिक्शनरी घेऊन नियमांचं पान दोनदा वाचलं तेव्हा उलगडा झाला, की येणाऱ्या मिसाइलला चिलखत नसतंच मुळी. इतक्या वेगानं धावणारी वस्तू, तिला नुसता धक्का लागला तरी ती संपली. सगळ्यांत लहान स्फोटक तेवढंच करतं जेवढं चारपट करतं. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, दूध वर आलं वाटतं, आणि आत गेले.

मग इंधन. आणि तिथं मला माझी चूक सापडली, आणि इतकं हसू आलं की मशीनवर डोकं टेकवून हसले. माझं मिसाइल पाचव्या ग्रहापर्यंत जाऊन येईल एवढं इंधन मी भरलं होतं. आणि माझ्या रडारला दिसतं किती, तर जवळच्या चंद्रापर्यंत. शत्रू दिसल्याशिवाय राखणदार सुटत नाही, आणि दिसला की तो दाराशीच आलेला असतो. सुटल्यापासून लागेपर्यंत त्याचं आयुष्य मिनिटाच्या आतलं. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी कोथिंबीर आणायला पाठवायचं आणि बरोबर आठ दिवसांचा शिधा बांधून द्यायचा, असं मी केलं होतं.

का केलं? सवय गं. बत्तीस वर्षांची सवय. ब्लाउज शिवताना मी आतल्या शिवणीत नेहमी दोन बोटं कापड जास्त ठेवायची. बाईचं अंग बदलतं. लग्नात बेतलेला ब्लाउज बारशाला होत नाही. आत कापड असलं की एक टीप उसवली, ब्लाउज मोठा. म्हणून माझ्या गिऱ्हाईक बायका मला सोडून कुठे गेल्या नाहीत. तीच दोन बोटं मी मिसाइलमध्ये सगळीकडे ठेवली होती. इंधन, असू दे जरा. स्फोटकं, वेळेला असावीत. माप, मोठंच बरं. पण राखणदार बारशाला जाणार नाही, त्याचं अंग सुटणार नाही, तो उसवायला परत येणार नाही. त्याला एकदाच जायचंय, तेही इथल्या इथे. जास्तीचं जे काही, ते त्याच्या पायात.

इंधन चिमूटभर केलं. माप अर्धं केलं, कारण आकड्याला मापाशी देणंघेणं नव्हतं. त्यामुळे एका मिसाइलच्या कापडात दोन बसायला लागली. आता उरलेली सगळी जागा इंजिन आणि वळण यांची.

इथं मात्र मी तीन दिवस अडकले. मला वाटलं, धावण्यालाच महत्त्व, म्हणून सगळं इंजिनला दिलं. आकडा थोडा वाढला आणि थांबला. मिसाइल सुसाट, पण शत्रूनं जरा मान तिरकी केली की हे सरळ पुढे. मग सगळं वळणाला दिलं. आता ते इतकं चपळ झालं की जागच्या जागी भिंगरी फिरेल, पण पोचेल तेव्हा ना. आकडा आणखी खाली. कॅलेंडरचा आख्खा एप्रिल भरला. आमच्या यांनी तोवर मला संरक्षणमंत्री म्हणायला सुरुवात केली होती आणि भाजी आणायला जाताना विचारायचे, मंत्रिमंडळाला काय आणू?

चौथ्या दिवशी मी कंटाळून लॅपटॉप मिटला आणि शिवायला बसले. मिक्सरवर घालायला रुमाल हवा होता आणि माझ्याकडे लेसचा एक उरलेला तुकडा होता, साधारण चार हात. लांबट कापड घेतलं होतं, त्याला लेस लावून बघितली, तर लेस संपली आणि रुमाल अगदीच चिंचोळा, मिक्सरचं झाकणही झाकेना. मग मी जे नेहमी करते ते केलं, कापड चारी बाजूंनी सारखं, चौकोनी घेतलं. तेवढ्याच लेसमध्ये केवढा तरी रुमाल झाला. हे तर मला पोरवयापासून माहीत. लेस तेवढीच असली तर लांबट तुकड्यापेक्षा सारख्या बाजूंचा चौकोन जास्त कापड धरतो. एक बाजू खूप वाढवली की दुसरी मरते, आणि कापड दोन्ही बाजूंच्या गुणाकारानं होतं, बेरजेनं नाही.

माझा हात मशीनच्या चाकावरच राहिला. नियमांच्या पानावर मी वाचलं होतं, वेग आणि वळण यांचा गुणाकार. तो शब्द डिक्शनरीत शोधून कॅलेंडरवर लिहूनसुद्धा ठेवला होता. कळला नव्हता.

लॅपटॉप उघडला. उरलेली जागा निम्मी इंजिनला, निम्मी वळणाला. आकडा आला सदतीस. आठाचे सदतीस. मी यांना हाक मारली, हे पिशवी घेऊन दारातच होते. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि काही चेष्टा केली नाही, नुसते खुर्ची ओढून बसले. मग आम्ही दोघांनी मिळून एक एक धागा इकडचा तिकडे करून बघितला. वळण थोडं मुळातच फुकट मिळतं असं दिसलं, म्हणून त्यातला जरासा वाटा काढून इंजिनला दिला. चाळीस. त्याच्यापुढे कशानंच सरकेना. मी यांना म्हटलं, बसला बघा अंगाला.

कारखान्याला सांगितलं, जुनी बंद, आता ही. पुढच्या रविवारी नातीनं विचारलं, आजी, काही केलंस का? मी म्हटलं, नियम आहे. तिला मात्र रात्रंदिवस काळजी होती हे मला तिच्या आईकडून कळलं. पोरीनं आईला फोन करून विचारलं होतं, आजी नाराज दिसतेय का.

तिसऱ्या रविवारी शहाडची आली. आधी औषधाची चौकशी केली आणि मग छत्तीस सोडली.

माझ्याकडे चोवीस नळ्या होत्या सोडायला. मिसाइल लहान झाल्यामुळे नळी भराभर भरत होती. रडारला दिसल्यापासून ती येऊन आदळेपर्यंत मला चार वेळा सोडायला मिळणार, असा हिशेब आम्ही कॅलेंडरवर केला होता. चार वेळा चोवीस, त्यातली शंभरात चाळीस. अगदी काठोकाठ होत होतं. नशीब जरा जरी फिरलं तर दहा पडायला वेळ लागला नसता.

नात खेळातला काळ पाच पाच सेकंदांनी पुढे नेत होती, ते काम तिचं. पहिल्या वेळेस दहा फुटली. उरली सव्वीस. मी पाण्याचा तांब्या घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या वेळेस नऊ. सतरा उरली. शहाडची मुलगी पुटपुटली, हे काय आहे. तिसऱ्या वेळेस अकरा. आता सहा राहिली होती आणि ती इतकी जवळ होती की पडद्यावर ती आणि माझा ग्रह एकमेकांना चिकटलेले दिसत होते. चौथ्यांदा सोडली. पाच फुटली. एक आलं आणि माझ्या भाजीपाल्याच्या काचघरांवर पडलं.

एक. दहा लागतात.

आमचे हे मागून म्हणाले, वांगी गेली असतील. त्यावर नात जी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता मध्येच ती म्हणाली, "आजी, तू आहेस अजून."

"आहे ना," मी म्हटलं, "मी कुठे जाते?"

शहाडची मुलगी रिकाम्या जहाजांनी माघारी निघाली. जाता जाता म्हणाली, "आजी, खरं सांगा, कुणी शिकवलं?" मी म्हटलं, एक टेलर होते, ते शिकवत नसत.

त्या दिवशी बाकीच्या दोघी सहाला निघून गेल्या तरी नात कॉलवरच होती. खेळ बंद, पडदा काळा, जहाजं नाहीत, काही नाही. मी शेंगा सोलत होते, ती तिकडे कांदा चिरत होती. त्या राहिलेल्या विषयाबद्दल बोलली. परीक्षा पुन्हा कधी आहे, काय समजत नाही, मास्तर किती भरभर बोलतात. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. मी एवढंच विचारलं, की जुनी प्रश्नपत्रिका मिळते का, सोडवलेली, ज्याला पूर्ण गुण पडलेत अशी? मिळेल म्हणाली. मग ती उसव, म्हटलं. तासभर बोललो आम्ही, आणि मला एकदाही घड्याळाकडे बघावं लागलं नाही. आई-बाबांना तिनं पुढच्या आठवड्यात स्वतःच सांगितलं. पुन्हा दिलेल्या परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे, पण बोलताना आता आवाज मोकळा असतो.

आणि शहाडची मुलगी गेल्या महिन्यात चक्क घरी आली. मी दार उघडलं तर ही एवढीशी, चष्मा, खांद्यावर ऑफिसची बॅग. मला वाटलं कुरिअर. खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, आजी, तुमच्यावर बेचाळीस मिसाइलं टाकली ती मीच. पाच घावनं खाल्ली तिनं नारळाच्या रसाबरोबर. खाऊन झाल्यावर मुद्द्यावर आली, की तह करायचा. चौथा चंद्र निम्मा निम्मा वापरायचा आणि एकमेकींवर काही सोडायचं नाही. मी म्हटलं विचार करून सांगते. यांचं म्हणणं, तहात काचघरांची भरपाई मागायची. माझं म्हणणं, मागायची नाही, पण दर महिन्याला घावनं खायला यायचं असं कलम घालायचं. त्यावर आमचं आठ दिवस घरात भांडण चालू आहे आणि आम्हा दोघांचंही म्हणणं आहे की तिसऱ्या माणसानं निकाल द्यावा.

तो तूच दे. तुझं वजन पडतं यांच्यावर. आज जायचं तर जा, पण या रविवारी पुन्हा ये. तह त्याच दिवशी करायचाय. तीनच्या आधी ये, म्हणजे नातीचाही आवाज ऐकशील, तिला तुझी फार आठवण येते. शनिवारीच आलीस राहायला तर त्याहून चांगलं, तुझी उशी धुवून ठेवली आहे. जाऊबाईंनाही आण, त्यांनाही दाखवू माझी झोप कुठे जाते ते. पण ये गं, वर्ष लावू नकोस. लवकर ये.